चिऊचा घास, आठ ग्रॅम

दिल्लीत मयूर विहारमधल्या एका सहकारी सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, रोज दुपारी साडेबाराला सहा मुलं पोटभर जेवत असत. ही बाब कुणाच्या निदर्शनास यावी, अशी वृंदाची मुळीच इच्छा नव्हती. सहातली पाच मुलं शेजाऱ्यांची. त्यांच्या आया सरकारी कचेऱ्यांत असल्यामुळे ती दिवसभर वृंदाकडे असत. सहावी तिची स्वतःची मिनू, वय वर्षं अडीच. पाचही आयांची तक्रार एकच होती, की आमच्याकडे हे कार्टं तोंड उघडत नाही आणि तुमच्याकडे ताट पुसून खातं, ते कसं काय?

वृंदाकडे काही युक्ती नव्हती. ती मऊ वरणभात कालवून गॅलरीत बसायची आणि तिच्या आईनं तिला भरवलं तसं भरवायची. हा काऊचा, हा चिऊचा. कठड्यावर एक खराखुरा कावळा येऊन बसायचा, त्यालाही चार शितं मिळायची. ताटात शेवटचा घास उरला, की तो आईचा. तो मिनू आपल्या बोटांनी उचलायची, अर्धा वाटेत सांडायची, उरलेला वृंदाच्या तोंडात कोंबायची आणि आईनं गिळला की नाही ते ‘आ’ करायला लावून तपासायची. एखाद्या दिवशी वृंदाचं जेवण तेवढंच व्हायचं. पण खरं सांगायचं तर सकाळी डोळे उघडल्यापासून ती त्याच घासाची वाट बघत असे.

तिचे सासरे भालचंद्रराव एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. घरात फाइल नसल्यामुळे ते वर्तमानपत्राच्या समासात टिपणी लिहीत. एका दुपारी त्यांनी गॅलरीच्या दारात खुर्ची ओढली, पूर्ण जेवण पाहिलं आणि चष्मा काढला.

“वृंदा, हे तू जे करतेस, त्याची लेखी पद्धत कुठे आहे?”

“लेखी काय, बाबा? भरवते नुसती.”

“म्हणजे उद्या तू आजारी पडलीस, की पद्धत आजारी पडली.”

संध्याकाळी वृंदाचा नवरा श्रीरंग नोएडातल्या ऑफिसातून आला, त्यानं बुटाची लेस सोडता सोडता सगळं ऐकलं आणि म्हणाला, “यार, हे तर स्केल होऊ शकतं, ठिकठिकाणी शाखा निघतील.” श्रीरंगच्या ऑफिसात जे स्केल होत नाही त्याला छंद म्हणत.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅलरीत आला. मिनूच्या तोंडाजवळ पोचलेला प्रत्येक घास आधी काट्यावर ठेवला जाऊ लागला. मिनू तोंड उघडून आकड्याची वाट बघायची. पंधरा दिवसांत एकेचाळीस पानांची कार्यपद्धती-पुस्तिका तयार झाली. काऊचा घास बारा ग्रॅम. चिऊचा आठ, कारण पक्षी आकारमानाने लहान. दोन घासांमधलं अंतर चाळीस सेकंद, त्यांपैकी सहा सेकंद स्मित. एकूण घास बारा.

तेराव्या घासावर, म्हणजे आईच्या, भालचंद्ररावांनी दोन दिवस विचार केला. मग लिहिलं: ‘लाभार्थ्याच्या ताटातील अन्नाचा कर्मचाऱ्याने उपभोग घेणे स्वच्छता व सचोटी या दोन्ही दृष्टींनी अनुज्ञेय नाही. सबब वगळण्यात येत आहे.’

“बाबा, तेवढा राहू द्या ना,” वृंदा म्हणाली.

भालचंद्रराव मनानं वाईट नव्हते. ते हळूच म्हणाले, “अगं, आपल्या घरी आहेच की तो. हे फक्त शाखांसाठी.”

पहिली शाखा घ्यायला श्यामजी आले. त्यांची पूर्वी मोमोची तीन दुकानं होती आणि पद्धत म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पुस्तिका त्यांना फार आवडली, अडचण एकाच ठिकाणी आली. कौआ अशुभ असतो, त्याला श्राद्धात बोलावतात, मुलांच्या जेवणात पालक चालवून घेणार नाहीत. शिवाय नोएडात बाराव्या मजल्यावर कावळा आणायचा कुठून? “साहब, कबूतर चलेगा? कबूतर तो भरपूर है.”

भालचंद्ररावांनी यावर स्वतंत्र फाइल उघडली. निर्णय असा झाला, की कावळा हा पद्धतीचा गाभा असल्याने तो बदलता येणार नाही. मात्र प्रत्यक्ष उपलब्ध नसल्यास त्याची दीड फूट बाय एक फूट प्रतिमा लावावी, आणि प्रतिमा अशुभ दिसू नये म्हणून ती पिवळ्या रंगात असावी. पिवळा कावळा पाहून मुलं त्याला पोपट म्हणू लागली. त्यावर परिपत्रक निघालं, की पोपट म्हणणाऱ्या मुलांना प्रेमाने दुरुस्त करावे, जास्तीत जास्त दोनदा.

भरवणाऱ्या मुली मुनिरकातून मिळाल्या. तिथं भाड्याच्या खोल्यांत राहून शिकणाऱ्या हुशार मुली, दुपारचे चार तास मोकळ्या. पालकांना मात्र वृंदा मावशीच हवी होती; तिचं नाव ऐकूनच ते आले होते. तेव्हा ‘वृंदा मावशी’ हे पद निर्माण करण्यात आलं. गळ्यात तसं ओळखपत्र आणि मागे क्रमांक. बहुतेकींना मराठी येत नव्हतं, म्हणून ‘हा घास काऊचा’ हे वृंदाच्या आवाजात एकदाच ध्वनिमुद्रित करून सगळ्या शाखांच्या भिंतीतून वाजवायची सोय झाली. वर्षभरात सतरा शाखा झाल्या आणि दुपारी साडेबाराला सतरा ठिकाणी वृंदा एकाच वेळी बोलू लागली. ‘वृंदा मावशी चार आज रजेवर आहे, तिच्या जागी वृंदा मावशी नऊ येईल,’ असले निरोप आता वृंदाच्याच फोनवर येत आणि ती ते पुढे पाठवत असे.

तरीही साडेबाराला ती घरी असे. फीत कापायची असो, मुलाखत असो, ती सकाळी उरकायची आणि मेट्रोतून धावत यायची. तेरावा घास चुकला नव्हता.

मग बाहेरच्या संस्थेकडून सगळ्या शाखांची तपासणी झाली. तपासनीस मयूर विहारलाही आला, कारण कागदोपत्री ती ‘मूळ शाखा’ होती. सतरा शाखांना नव्वदच्या वर गुण मिळाले. मूळ शाखेला शंभरात एकतीस. प्रतिमेच्या जागी जिवंत पक्षी आढळला. वजनकाटा मिरच्यांसाठी वापरात होता. कर्मचारी सहा सेकंदांहून अधिक आणि विनाकारण हसत होती. तिचं स्वतःचं अपत्य लाभार्थ्यांत होतं, म्हणजे उघडउघड हितसंबंधांचा संघर्ष. आणि सर्वांत गंभीर, लाल शाईत: ‘कर्मचाऱ्याने लाभार्थ्याच्या हातून अन्न स्वीकारले. विचारले असता लाजली.’

भालचंद्ररावांनी अहवाल दोनदा वाचला. मग ताठ बसून म्हणाले, “नियम घरच्यांना लागू नसेल, तर तो नियम कसला? चौतीस वर्षं मी हेच केलं, वृंदा.” आणि त्यांनी मूळ शाखा स्थगित केली. सही झाल्यावर पेनाचं टोपण लावायला त्यांना वेळ लागला, तो अभिमानानं, असं श्रीरंगचं मत पडलं.

पाचही मुलं जवळच्या अधिकृत शाखेत गेली. मिनूला श्रीरंगच्या ऑफिसजवळची नोएडाची शाखा मिळाली. त्याला येता-जाता सोपं, आणि प्रतीक्षायादीत तिचा नंबर वर घेतला म्हणून श्यामजींचे आभार मानायचे, तेही झालं. पहिल्या दुपारी वृंदाच्या फोनवर संदेश आला: ‘आपल्या पाल्याने बारापैकी चार घास घेतले. काळजी नसावी.’ ती गॅलरीत उभी होती. कठड्यावर कावळा होता.

वृंदानं सरळ उपाय शोधला. प्रमाणित वृंदा मावशी व्हायचं आणि मिनूच्या शाखेत नेमणूक मागायची. मुनिरकात प्रशिक्षण होतं. परीक्षक होती वृंदा मावशी क्रमांक अकरा, म्हणजे अरुणा. विद्यापीठात संशोधन करणारी, अतिशय सज्जन मुलगी. वृंदाला पाहून तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि नापास केलं.

“मॅडम, आपके निवाले नौ से सत्ताईस ग्राम जा रहे हैं. आप हर बच्चे को अलग दे रही हैं.”

“भूक वेगळी असते ना गं,” वृंदा मराठीत म्हणाली, आणि मग तेच हिंदीत.

अरुणानं पुस्तिका उघडून प्रामाणिकपणे शोधलं. “मैन्युअल में भूख का कॉलम नहीं है, मॅडम.”

आवाजाच्या परीक्षेतही ती नापास झाली. प्रमाण आवाज म्हणून तिचीच ध्वनिफीत लावली होती. त्याच्याशी तिचा आवाज बासष्ट टक्के जुळला. फितीतली वृंदा आनंदी होती, असा शेरा पडला.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. तोवर तिची बोटं शिकली होती. न बघता उचललेला घास बारा ग्रॅमचाच निघे. प्रमाणपत्र हातात घेऊन तिनं मिनूच्या शाखेसाठी अर्ज केला. उत्तर तीन दिवसांत आलं, सासऱ्यांच्याच सहीचं, घरातल्या घरात टपालानं: अर्जदाराचे अपत्य सदर शाखेत असल्याने विनंती मान्य करता येत नाही, अन्य कोणतीही शाखा देता येईल. तिला गुरुग्रामची मिळाली. तिथली मुलं छान जेवत. त्यांच्या आयांच्या फोनवर रोज ‘बारापैकी बारा’ जात असे आणि एकीनं तिला पाच तारे देऊन लिहिलं होतं, ही वृंदा मावशी अगदी ओरिजिनल वाटते.

त्या रविवारी शाखांना सुट्टी होती. वृंदानं वरणभात कालवला आणि मिनूला गॅलरीत मांडीवर घेतलं. कावळा आला. मिनू घाबरून तिच्या कुशीत शिरली. “मम्मा, ये काला क्यूं है?”

“काऊ काळाच असतो, राणी. हा बघ, काऊचा घास.”

मिनूनं ओठ घट्ट मिटले. तिची नजर भिंतीवर फिरत होती. वृंदानं फोन काढला आणि तो कठड्यावर टेकवून स्वतःची ध्वनिफीत लावली. मिनूचं तोंड आपोआप उघडलं. बारा ग्रॅम, आठ ग्रॅम, मध्ये चाळीस सेकंद. वृंदाचे ओठ आवाजाबरोबर हलत होते, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बारा घास झाले, फीत थांबली.

ताटात थोडा भात उरला होता. मिनूनं तो बोटांत गोळा केला, उचलला, आईच्या तोंडापर्यंत आणला. वृंदानं ‘आ’ केला.

मिनू थबकली. तिला काहीतरी आठवलं. तिनं हात मागे घेतला आणि शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

“मम्मानं नाय खायचं. गंदी बात.” तिनं भात ताटात परत ठेवला, हात पुसायला पुढे केले आणि सहा सेकंद हसली.

आतून भालचंद्रराव हे सारं पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, वर्तमानपत्राचा समास शोधला. पण घरातली ही पहिलीच बाब टिपणीविना राहिली.

सोमवारी शाखा उघडल्या. दुपारी गुरुग्रामला भरवत असताना वृंदाचा फोन वाजला: आपल्या पाल्याने बारापैकी बारा घास घेतले. तिनं उजवा हात उष्टा म्हणून डाव्या अंगठ्यानं पाच तारे दिले, आणि समोरच्या कुणाच्या तरी लेकराला चिऊचा घास भरवला.

हे वाचून तुम्ही हळहळला असाल, वृंदाच्या सासऱ्याला तुम्ही मनातल्या मनात चार शब्द सुनावले असतील, तर बरंच आहे. फक्त एक करा. वाचता वाचता मघाशी तुमचा फोन वाजला होता, तो उपडा ठेवलात. साडेबारा वाजून गेलेत, तुमच्या पाल्याचे बारापैकी बारा आलेत. तारे द्यायचे राहिलेत तुमचे.