रूबेन एक आठवडा पुढे

ओर्लीशी लग्न करायचं तर रूबेन रोहेकरला एका शनिवारी सिनेगॉगमध्ये तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी वाचून दाखवायची होती. अट ओर्लीच्या पप्पांची, म्हणजे एझकील काकांची. ते जोगेश्वरीच्या सिनेगॉगचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. "तीन चुका झाल्या की विषय बंद," असं त्यांनी चहात खारी बुडवत सांगितलं होतं.

तोराचे वर्षभराचे भाग पाडलेले असतात. दर शनिवारी एक पराशा. गुंडाळीतल्या हिब्रूला स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे पाठ करण्यावाचून इलाज नाही. रूबेनने इस्रायलात डिमोनाला राहणाऱ्या मोझेस काकांना गळ घातली. त्यांनी वीस जूनचा पराशा व्हॉट्सॲपवर बासष्ट तुकड्यांत गाऊन पाठवला. रूबेनने तो अंघोळीत म्हटला, रिक्षात म्हटला, एकदा डेंटिस्टच्या खुर्चीतही म्हटला.

त्या शनिवारी त्याने गुंडाळीकडे ढुंकूनही न बघता सुरुवात केली.

"हे कुठल्या पानावर आहे रे?" सॉलोमन आजोबांनी शेजारच्याला विचारलं.

"माझ्या पुस्तकात हे पानच नाहीये."

"बाइंडिंगवाल्याने खाल्लं असणार."

रूबेन इतका खणखणीत वाचत होता की चूक पुस्तकांचीच ठरली. सगळीकडे पानं फडफडू लागली.

"तो वाचतोय ती गाय सापडली," आजोबा म्हणाले. "तांबडी. चार पानं पुढे."

"मग गुंडाळी पण पुढे घ्या ना. बिचारा गाईशिवाय किती वेळ वाचणार?"

दोघेजण गुंडाळी फिरवायला उठलेसुद्धा. तेवढ्यात एझकील काकांनी हात वर केला.

"रूबेन, हा पुढच्या शनिवारचा पराशा आहे."

"पण मोझेस काका म्हणाले, हाच."

"तिकडे हाच. त्यांचा शावुओतचा सण एक दिवस, आपला दोन. यंदा दुसरा दिवस शनिवारी आला, आणि सणाला नेहमीचा पराशा वाचत नाहीत, म्हणून आपला मागे राहिला. इस्रायल आपल्या आठवडाभर पुढे आहे."

"मला वाटलं, अडीच तास मागे आहे."

त्या शनिवारच्या खऱ्या पराशात जमीन दुभंगते आणि बंडखोर कोरहला बिऱ्हाडासकट गिळते. रूबेनला ती सोय फार आवडली.

वाचन काही थांबवता येत नाही. एझकील काका स्वतः पुढे झाले. रूबेनच्या भरवशावर त्यांनी आठवडाभर पुस्तक उघडलं नव्हतं. पहिल्याच ओळीत अडखळले. शब्द चुकला की बाकीच्यांनी मोठ्याने सुधारायचा, अशी रीत आहे, आणि सॉलोमन आजोबा रीतीला पक्के.

"पप्पा, तीन झाल्या," बायकांच्या बाजूने ओर्ली म्हणाली.

थोड्या वेळाने, "नऊ."

"मोजतेस काय गं, शब्बाथ आहे. आज कामं बंद," काका म्हणाले.

वाचन संपल्यावर काकांनी रूबेनला कोपऱ्यात घेतलं.

"तुझी गाय चांगली होती. पुढच्या शनिवारी वाच. फक्त तेव्हा दोन पराशे एकत्र आहेत. इस्रायलला गाठायचं असतं."

रूबेनचा चेहरा पडला. "दुसरा मला येत नाही, काका."

"दुसरा मी वाचणार." काकांनी ओर्ली ऐकत नाहीये ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "संध्याकाळी शब्बाथ संपला की त्या मोझेसचा नंबर पाठव."