लीलाताईंचं शांतता-शिष्टमंडळ

परदेशी, तोआ पायोहला राहायला आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात माझं वरच्या मजल्यावरच्या मिसेस लिमशी कडाक्याचं भांडण झालं. ते मिटवायला दुसऱ्या दिवशी सकाळी पंच्याहत्तरीची एक मराठी बाई आमच्या दारात उभी राहिली. काखेत लांब वही आणि गळ्यात रेफ्रीची शिट्टी!

"मी लीला. चौथा मजला. युद्ध कशावरून आहे?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं.

युद्ध बांबूवरून होतं. आमच्या ब्लॉकमध्ये सगळे कपडे खिडकीबाहेर, बांबूवर वाळत घालतात. मिसेस लिमचं ओलं पोछ्याचं फडकं नेमकं माझ्या वाळत आलेल्या चादरींवर ठिबकायचं. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा खिडकीतून मान वर करून पुणेरी इंग्रजीत असं काही सुनावलं, की समोरच्या ब्लॉकमधल्या लोकांनीही पडदे सरकवले. मी मुळातच भांडकुदळ आहे. रॅफल्स प्लेसला बँकेत दिवसभर तोंडाला कुलूप लावून बसावं लागतं, त्याचा वचपा मी घरी काढते.

लीलाताईंनी आम्हा दोघींना ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी समोरासमोर बसवलं. वही उघडली आणि वर तारीख घातली. तारखेखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोन्ही बाजू हजर.'

"बट शी स्टार्ट फर्स्ट, व्हॉट!" मिसेस लिमनी तोंड उघडलं.

शिट्टी वाजली. "आउट ऑफ ऑर्डर!"

"मी? मी सुरू केलं?" मी उसळले.

पुन्हा शिट्टी. "तूही आउट ऑफ ऑर्डर! नियम पहिला. भांडण कोणी सुरू केलं, हा विषय इथे निघणार नाही. पुढचं बोला."

आता गंमत अशी, की हा विषय काढला तर मला तासभर बोलता येत होतं, आणि वगळला तर बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं. मिसेस लिमचीही तीच पंचाईत. दहा मिनिटांत ठरलं, की फडकं सकाळी आणि चादरी दुपारी. त्या दुपारी मिसेस लिमनी पानात गुंडाळलेला गोड भात पाठवला, मी डबाभर शंकरपाळे पाठवले, आणि आमची आठ वर्षांची ईरा म्हणाली, "ममा, लीला आजी सो फिअर्स, लाह!"

हा नियम लीलाताईंच्या डोक्यातून निघालेला नव्हता. त्यांना पहिल्या महायुद्धात शांततेसाठी धडपडलेल्या बायकांचं वेड होतं. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लायब्ररीत कधीतरी एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि बाई त्यात बुडाल्या त्या बुडाल्याच. तुम्ही चहाला गेलात की त्या साखर विचारायच्या आधी त्या बायकांच्या हेगच्या सभेवर यायच्या.

"अगं, लढाई चालू होती! भर लढाई! पुरुष एकमेकांवर तोफा डागतायत, आणि या बायका सामान बांधून निघाल्या हॉलंडला. जर्मनीच्या निघाल्या, इंग्लंडच्या निघाल्या. ज्यांचे भाऊ एकमेकांना मारतायत, त्या बायका एका सभागृहात बसायला निघाल्या. आहे की नाही?"

"आहे की नाही?" हे त्यांचं पालुपद. त्यावर "आहे" म्हणेपर्यंत चहा मिळत नसे.

"इंग्लंडच्या बहुतेक पोचल्याच नाहीत बिचाऱ्या. समुद्रच बंद केला. बसल्या बंदरावर. पण ज्या पोचल्या ना, त्यांनी आधी ठरवलं, हे युद्ध कोणामुळे पेटलं हा विषय काढायचा नाही. काढला असता तर पहिल्याच दिवशी झिंज्या उपटल्या असत्या! मग ठराव केले आणि ते घेऊन देशोदेशीच्या राजधान्यांना गेल्या. मंत्र्यांसमोर जाऊन बसल्या. एकटी कोणी गेली नाही हं. शिष्टमंडळ एकट्याने जात नाही."

"मग थांबलं युद्ध?" मी एकदा विचारलं.

"नाही."

"मग उपयोग काय झाला?"

लीलाताईंनी माझा कप पुन्हा भरला. "गेल्या ना पण त्या," एवढंच म्हणाल्या.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरत्या किती म्हणायच्या यावरून दोन तट पडले. बुओना व्हिस्टाकडच्या आयटीवाल्यांना तीन आरत्यांत आटपायचं होतं, आणि आम्हा बँकवाल्यांना घालीन लोटांगणापर्यंत एकही गाळायची नव्हती. अध्यक्षांनी राजीनामा दिला, तो स्वीकारायला कोणी उरलं नाही म्हणून सचिवांनीही दिला. लीलाताई मला घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरोघर हिंडल्या. प्रत्येक घर म्हणजे त्यांच्या लेखी एक राजधानी. "आज दोन राजधान्या झाल्या," त्या फोनवर सांगायच्या. "बुओना व्हिस्टाची राजधानी अजून ऐकत नाही, पण बटाटेवडे छान करते." शेवटी सगळ्या आरत्या म्हणायच्या पण कोणी आळवत बसायचं नाही, असा तह झाला. त्या वर्षी आम्ही ज्या वेगाने आरत्या म्हटल्या, त्या वेगाने त्या कधी कोणी म्हटल्या नसतील!

दोन हजार पंधरा साली त्या हेगच्या सभेला शंभर वर्षं झाली. लीलाताई नुसत्या उधाणल्या होत्या. अशाच एका शनिवारी सकाळी सातला त्यांनी आमची बेल वाजवली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पुठ्ठ्यांची चळत, वही आणि शिट्टी.

"चल. चांगी विमानतळावर जायचंय. मला दुसरी प्रतिनिधी हवी."

"कोणाचं भांडण आहे?"

"माझं," लीलाताई म्हणाल्या.

एमआरटीत मला कळलं, की लीलाताईंना नलिनी नावाची धाकटी बहीण आहे, पुण्याला. बारा वर्षं दोघी बोललेल्या नाहीत. आई गेली तेव्हा लीलाताई मिळेल त्या विमानाने निघाल्या होत्या, पण त्या घरी पोचायच्या आत आईला नेलं होतं. आता नलिनी मुलीच्या बाळंतपणाला मेलबर्नला चालली होती आणि मधले पाच तास चांगीला होती. त्या मुलीनेच, लीलाताईंच्या भाचीने, मावशीला गुपचूप कळवलं होतं. नलिनीकडे इथला व्हिसा नव्हता, त्यामुळे ती बाहेर येऊ शकत नव्हती. पण डिपार्चर हॉलमध्ये एक मोठी काच आहे. निरोप द्यायला आलेले लोक अलीकडून हात हलवतात, जाणारे पलीकडून. त्या काचेपाशी नलिनीला आणायचं काम भाचीने फोनवरून अंगावर घेतलं होतं. नलिनी येईलच याची खात्री मात्र तिलाही नव्हती.

ताना मेराला गाडी बदलताना लीलाताईंचा आवाज चढला. "चार तास! फक्त चार तास थांबायचं होतं. मी काय चालत येत होते? आधी तिने..."

"आउट ऑफ ऑर्डर, ताई," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला. तो चांगीपर्यंत सोडला नाही.

काचेपाशी आम्ही दीड तास उभ्या होतो. पलीकडून माणसं जात होती, येत होती, नलिनी येत नव्हती. लीलाताई दर पाच मिनिटांनी पुठ्ठे लावायच्या. प्रत्येकावर जाड पेनाने एकेक ठराव लिहिला होता. मध्येच त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि चष्मा पुसायला लागल्या. वही शेवटच्या पानावर उघडली गेली. वर 'नलिनी' लिहिलं होतं. खाली आईच्या वर्षश्राद्धाच्या तिथी, दर वर्षीची एक. प्रत्येक तिथीपुढे तेच तीन शब्द, 'एकच बाजू हजर.' मी वही मिटली. साऱ्या ब्लॉकची भांडणं मिटवत हिंडणारी ही बाई दर वर्षी त्या दिवशी एकटीच वही उघडून बसत होती, आणि मला बारा वर्षांत... नाही, मला तर त्यांना ओळखून चारच वर्षं झाली होती, पण त्या चार वर्षांत मी एकदाही त्यांना त्यांच्या माणसांबद्दल विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"आली!" लीलाताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला.

पलीकडे एक व्हीलचेअर थांबली. व्हीलचेअरमध्ये लीलाताईच बसल्या होत्या, पण थोड्या जाड, साडीवर स्वेटर, पायात कोरे पांढरे स्पोर्ट्स शूज. कानाला फोन. इकडे लीलाताईंचा फोन वाजला. फोन घ्यायच्या घाईत त्यांनी पहिला पुठ्ठा माझ्या हाती कोंबला, आणि तो मी काचेला टेकवून धरला. फोन स्पीकरवर होता.

मग पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ताई, चूक माझी झाली. मी थांबायला हवं होतं गं. सगळे घाई करत होते, मीच त्यांना..."

लीलाताईंनी शिट्टी तोंडाला लावली. फुंकर निघेना. त्यांनी शिट्टी सोडली, तळवा काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, "आउट ऑफ ऑर्डर, नले! आउट ऑफ ऑर्डर! गुडघ्यांना काय झालं तुझ्या?"

पलीकडून हसण्याचा की रडण्याचा आवाज आला, मला नक्की सांगता येणार नाही. मग नलिनीताईंनीही काचेवर हात ठेवला आणि गुडघ्यांबद्दल सांगायला लागल्या. विमानाची वेळ होईपर्यंत दोघी बोलत होत्या. गुडघे झाले, मेलबर्नची थंडी झाली, डिंकाचे लाडू विमानतळावर जप्त होतात का, हेही झालं. ठराव एकही वाचला गेला नाही. मी पहिला पुठ्ठा उलटा धरला होता, हे मला हात दुखायला लागल्यावर कळलं.

परतीच्या गाडीत लीलाताईंनी वही काढली आणि शेवटचं पान उघडून मला दिली. "तू लिही. माझं अक्षर आज नीट येणार नाही."

मी तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'दोन्ही बाजू हजर.'