इस्तू दिसणारा हीटर

आमचे सोपानराव दुकानात शिरले, की आधी चपला काढतात आणि चालू हीटरसमोर जमिनीवर उकिडवे बसतात. दोन्ही तळहात पुढं. मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली, बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसतायत, आणि हा बाबा डोळे बारीक करून हीटरकडं बघतोय. शेजारी उभ्या माझ्यासारख्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं हो.

आम्ही दोघं वाळूजला एकाच कंपनीत. मी मेंटेनन्सला, वायरिंगमधलं मला कळतं, म्हणून ते मला ओढून नेतात. छावणी भागात त्यांची भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. घरमालकानं गॅसला बंदी घातलीय, असं ते सांगायचे. त्यामुळं जेवण खाणावळीच्या डब्यातलं, चहा टपरीवर, अंघोळीचं पाणी बादलीत रॉड टाकून. बायको वारल्यापासून सहा वर्षं हेच चाललेलं. त्यात दिवाळीनंतर म्हातारी आई वेरूळहून राहायला आली आणि थंडीही वाढली.

मी म्हटलं, तेलाचा हीटर घ्या, ऊब हळू येते पण म्हातारीला चटका बसायची भीती नाही. ते म्हणाले, "ऊब हाय, पण दिसतंय कुठं?" पंख्याचा दाखवला, तो तर लगेच गरम. त्यालाही नाय. दिसाया पाहिजे, दिसाया पाहिजे, एकच पालुपद. शेवटी दुकानदार वैतागला. "चाचा, हीटर लेना है की पिक्चर देखना है?" सगळं दुकान हसलं. मी आपला ह्यांना ओळखतच नाही असा चेहरा करून मिक्सर बघत उभा राहिलो.

मग काचेमागं खोट्या ज्वाळा नाचवणारा एक निघाला. ह्यांनी मान हलवली. आईला कळंल म्हणे. आणि शेवटी उचलला काय, तर लालभडक होणाऱ्या दोन कांड्यांचा, जो मी नको नको म्हणून सांगत होतो तोच.

घरी जाऊन जोडायला बसलो तेव्हा कुठं उलगडा झाला. म्हातारी डब्यातलं काही खातच नव्हती. तिच्या गावी चूल थंड राहते ती घरात कुणी गेल्यावर, सुतकात. इस्तू नसलेल्या घरात मला घास उतरत नाय, उद्या गाडीत बसवून दे, असं तिनं लेकाला बजावलं होतं. इस्तू म्हणजे विस्तव. बिचारा तो विस्तव दुकानादुकानांत शोधत होता.

कांड्या लाल झाल्या. म्हातारी पुढं सरकली, हात शेकले, भाकरीचा तुकडा मोडला. सोपानरावांनी एवढा मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात खालच्या घरमालकीणबाई वाटीत पिठलं घेऊन आल्या. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, गॅस नाही तर नाही, निदान हीटरसाठी जाड वायर तरी ओढू द्या. बाई गोंधळल्या.

"आम्ही कुठं अडवलं? वहिनी गेल्या तेव्हा सोपानरावांनीच टाकी परत केली. शेगडी माळ्यावर बांधून ठेवलीय."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. सोपानरावांची मान पार खाली गेलेली.

"तिच्याबिगर ती शेगडी कुणी पेटवली नव्हती," ते पुटपुटले. "माझ्याच्यानं नाय झालं, आई."

म्हातारीनं तुकडा ताटात परत ठेवला. मला खुणेनं हीटर बंद करायला लावला.

"सुतक दहा दिसाचं असतंय, सोपाना," ती म्हणाली. "तू सहा वर्सं एकट्यानं धरलंस. मला सांगितलं बी नाय." आणि मग माळ्याकडं बोट दाखवून, "चढ वर. काढ ती शेगडी."

सोपानराव स्टुलावर चढले. हात माळ्यात, तोंड तिकडं, आणि खाली उतरायचं नावच घेईनात. खांदे हलत होते. मी पाठ फिरवली आणि प्लगचे घट्ट बसलेले स्क्रू पुन्हा आवळत राहिलो.