दुपारच्या पाहुण्यांचा चहा

आमच्या शेजारच्या फाटक सरांकडे रोज दुपारी अर्थतज्ज्ञ येतात. सगळे परदेशी आणि सगळे कधीच वारलेले.

सरांनी जन्मभर कॉलेजात आर्थिक विचारांचा इतिहास शिकवला. आता जेवण झालं की कसबा पेठेतल्या आपल्या गॅलरीत आरामखुर्ची टाकतात, पंचा तोंडावर ओढतात, की स्वप्नात मंडळी हजर. चारला मी चहा घेऊन जाते, तर पंचाखालून आवाज येतो, "थांबा, मुद्दा संपू दे."

मग वृत्तान्त. नावं मात्र घेत नाहीत. "नावं परीक्षेपुरती असतात हो!"

"आज टाचणीवाल्यांना मंडईत नेलं." टाचणीवाले म्हणजे, एका टाचणीचं काम दहा जणांत वाटलं तर टाचण्यांचा ढीग पडतो, असं सांगणारे. "म्हणाले, बाजाराला न दिसणारा हात सांभाळतो. भाजीवाली म्हणाली, दिसणारा हात आधी मेथीवरून काढा!"

पाद्रीबुवांना माणसं वाढतात आणि धान्य पुरत नाही याची धास्ती. बशीतलं शेवटचं बिस्कीट मात्र सोडत नाहीत. दाढीवाले तापट. चहाचा फुरका मारतात आणि राबणाऱ्याच्या हाती काही पडत नाही म्हणून टेबल बडवतात.

मी आपली हसते. काय करणार, दुसरं आहे कोण ह्यांचं ऐकायला! पण सरांचं एक दुखणं आहे. "अख्खा युरोप येतो हो," ते म्हणतात, "ही तेवढी येत नाही." ही म्हणजे सुमतीकाकू. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. एकदा तरी दिसावी म्हणून तर सर इतके झोपतात, हे मला ठाऊक आहे.

परवा मी सहज विचारलं, "सर, एवढ्या मंडळींना चहा कोण देतं हो?"

कप ओठांशीच राहिला. "येतो की आतून."

"आतून म्हणजे?"

"म्हणजे... येतोच. नेहमीच यायचा." कप तसाच खाली ठेवला. मला मेलीला कुठून बुद्धी सुचली, असं झालं.

काल चार वाजले, पाच वाजून गेले. मी चहा दोनदा गरम केला. शेवटी पंचा बाजूला झाला. सरांचे डोळे ओले होते.

"दिसल्या?"

"पाठमोरी. आलं किसत होती. म्हणाली, पाहुणे किती, ते आधी सांगत जा."

"मग?"

"म्हटलं, आज कुणी नाही. दोनच कप टाक."