सॉरीचं वाटप

मुंजाजीला साठ वर्षांत 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली नव्हती. म्हणजे चुका झाल्या होत्या, पोत्यानं झाल्या होत्या, पण म्हणायची वेळ त्यानं येऊ दिली नव्हती. एकदा परभणीला जायचं म्हणून तो चुकून सेलूच्या एसटीत बसला. सेलूला उतरून त्यानं तिथंच काहीतरी काम काढलं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, की मला सेलूलाच जायचं होतं.

असा हा गडी दीड महिन्यापासून पुरता अडकला होता. सून वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला गंगाखेडकडं माहेरी गेली, नातू झाला, बारसं झालं. मुलगा गोपाळ जाऊन आला, बायको नर्मदाबाई जाऊन आली. मुंजाजीला मात्र आवतण नव्हतं. कारण लग्नात व्याही तात्यारावांच्या थोरल्या भावाला आहेराची टोपी कमी पडली होती, आणि कुणीतरी ते लक्षात आणून दिलं तेव्हा मुंजाजी म्हणाला होता, "टोपी घालायला डोकं लागतंय." मांडवात माईक चालू होता.

नातू त्याला मोबाईलवर दिसायचा, तोही गोपाळ घरी असला तर. मुंजाजी मायेनं काचेवर बोट फिरवायचा आणि लेकराच्या जागी ट्रॅक्टरचा फोटो यायचा. मग तो बराच वेळ चष्मा पुसत बसायचा.

"दोन शब्द बोलून या की," नर्मदाबाई म्हणाली. "चुकलं म्हणा. जीभ झडायलीय का?"

"आमच्या घराण्यात आजवर कुणी म्हणलं न्हाई."

मुलगी अपेक्षा सेलूला कॉलेजात होती. ती म्हणाली, "मग सॉरी म्हणा बाबा. त्यानं काय जात न्हाई. पाय लागला तरी सॉरी, ऐकू आलं न्हाई तरी सॉरी, एखादी वस्तू द्यायची नसली तरी सॉरी. आमच्या मॅडम शिंक आली तरी म्हणतात. कुणी मेलं तरी सॉरीच."

"मेलेल्याला?"

"मेलेल्याच्या घरच्यांना."

"आन म्हणणाऱ्यानं मारलेलं नसतंय?"

"न्हाई ओ."

मुंजाजी खूश झाला. एवढा स्वस्त शब्द जगात असताना आपण दीड महिना वाया घालवला! दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं इस्त्रीचं धोतर नेसलं, मानवतहून आणलेल्या दोन नव्या टोप्या पिशवीत टाकल्या आणि बायकोला म्हणाला, "दुपारपर्यंत नातू मांडीवर नसंल, तर नाव सांगणार न्हाई मुंजाजी."

फाट्यावर एसटीची वाट बघताना सराव आपोआपच झाला. मागं सरकताना त्याचा पाय सूर्यभानच्या पायावर पडला. सूर्यभान म्हणजे बांधशेजारी. बांधावरून दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

"सॉरी," मुंजाजी सहज म्हणाला.

सूर्यभानच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. "काय म्हणलात?"

"सॉरी म्हणलो. पायाबद्दल."

"पायाबद्दल म्हणा न्हाईतर बांधाबद्दल," सूर्यभाननं तंबाखूचा तळहात त्याच्यापुढं धरला. "म्हणलात न्हवं? लय झालं."

मुंजाजी खुलासा करणार, तेवढ्यात भाजीची पाटी घेऊन बसलेली दैवशाला पुढं सरकली. "त्यांना म्हणता, आन आमाला? तुमच्या म्हशीनं आमची अख्खी मेथी खाल्ली, तवा तुमी म्हणलात, तिला आवडली."

"सॉरी."

हॉटेलवाला वाल्मीक कपबशा टाकून आला. "मला तुमी भर ग्रामसभेत दीडशहाणा म्हणलात."

"सॉरी."

खिशाला तोशीस नाही, मानेला ताण नाही. मुंजाजी प्रसाद वाटावा तसा वाटत सुटला. रांगेच्या शेवटी एक अनोळखी पाहुणा उभा होता.

"तुमचं काय?"

"माझं काय न्हाई. सगळे घ्यायलेत म्हणून थांबलो."

मुंजाजीनं त्यालाही एक देऊन टाकली. एसटी आली तेव्हा सूर्यभान फोनवर कुणाला तरी रंगवून सांगत होता. त्याची बहीण तात्यारावांच्याच गावात दिली होती, हे मुंजाजीच्या ध्यानातच नव्हतं.

तात्याराव ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, शेजारी थोरले भाऊ. पाणी आलं. मुंजाजीनं टोप्या पुढं ठेवल्या, घसा खाकरला आणि म्हणाला, "व्याही, सॉरी."

"ही कितवी?" तात्यारावांनी विचारलं.

"आं?"

"आज सकाळपासून कितवी ही? सूर्यभानला झाली, मेथीवालीला झाली. वळख ना पाळख अशा एका माणसाला बी दिली म्हणं. आन आमाला उरलेली? दुसऱ्याच्या आहेरात आलेला टॉवेल घडी घालून पुढं सरकवावा, तसं करायलात. लग्नात टोपी न्हाई, आन आता शब्द बी वापरलेला!"

तेवढ्यात आत लेकरू रडलं. इतके दिवस तो आवाज मोबाईलमधून ऐकलेला, आज पहिल्यांदाच भिंतीपलीकडून आला. मुंजाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चुकलं, व्याही. माझंच चुकलं. माईक चालू नसता तरी चुकलंच असतं."

तात्याराव खुर्चीतून उठलेच. "तसं नका म्हणू. माझं बी चुकलं. एका टोपीपायी लेकराला आज्यापासून तोडलं."

"तुमचं कशाचं चुकलं? चूक माझी हाय."

"माझी मोठी हाय."

"मांडवात कोण बोललं? तुमी का मी?"

"आन बारशाला कुणी बोलावलं न्हाई? तुमचं एक वाक्य, माझा दीड महिना. सांगा आता!"

आयुष्यात मुंजाजी वादात कुणाला हार गेला नव्हता, आणि आपली चूक दुसऱ्यानं अशी बळकावावी हे त्याला सोसेना. आवाज चढले. शेजारपाजारची माणसं दारात जमली. थोरल्या भावांनी नवी टोपी घालून बघितली, ती नीट बसली, आणि ते आत चहा प्यायला निघून गेले. मुंजाजीनं पिशवी उचलली. "माझी चूक मोठी म्हणा, न्हाईतर हा मी चाललो."

तेवढ्यात वैष्णवी बाहेर आली. तिनं लेकरू सासऱ्याच्या हातात दिलं. मुंजाजी होता तिथंच खाली बसला. नातवानं त्याच्याकडं बघून एक जांभई दिली आणि डोळे मिटले.

"तर मग ठरलं," तात्याराव गरजले, "माझीच चूक मोठी!"

"हां, तुमचीच," मुंजाजी कुजबुजला. "हळू बोला. झोपायलंय."