मागच्या टेबलावरचा सराव

संगणक मला वचकून असतो! उगाच नाही सांगत. भिंतीवर माझ्या हातच्या बारा युक्त्या चिकटवल्यात, आणि एकीलाही दमडी लागत नाही. चुकलं तर कंट्रोल-झेड. दर दोन ओळींनी सेव्ह. मराठी लिहायला फुकटचं साधन. आणि पहिली युक्ती, लाल शाईत : संगणकाशी भांडायचं नाही.

रविवारी सकाळी मी माझी नात चिमी आणि तिच्या दोन मैत्रिणींना टायपिंग शिकवतो. संगणक एकच, म्हणून मागच्या टेबलावर त्यांना जुना बिनतारी कीबोर्ड देतो. "बडवा खुशाल! हा कशालाच जोडलेला नाही." दिवा लागला की मुलींना खरं वाटतं, म्हणून त्यात नवे सेलसुद्धा घातले होते.

त्या रविवारी संगणकावर सूनबाई बसली होती. वाचनालयाच्या बालविभागात जागा निघाली होती आणि अर्ज मेलनं बाराच्या आत पोचायला हवा होता. सहा वर्षं घरी काढल्यावरचा हा पहिला अर्ज! बिचारी मेलमध्येच एकेक शब्द तोलून लिहीत होती.

मी मुलींना शब्द दिले, "बदक पळ. दगड उचल."

"बाबा, हे काय?" सूनबाई ओरडली.

पडद्यावर होतं : मी पदवीधर असून मला पुस्तकांची बदक पळ.

"कंट्रोल-झेड," मी शांतपणे म्हणालो. बदक गेलं. तिनं 'आवड' लिहिलं, तर त्यावर दगड येऊन पडला!

"व्हायरस! सातवी युक्ती." मी फुकटचा व्हायरस-शोधक चालवला. तो कानाकोपरा हुंगून आला आणि म्हणाला, सगळं ठीक. तोवर अर्जात अकरा बदकं!

"आजोबा, शब्द संपले," चिमी.

"तेच परत लिहा. इकडे बघायचं नाही, नजर कीबोर्डवर!"

संगणक बंद करून पुन्हा चालू केला. बदकं दारातच उभी असल्यासारखी आत आली.

पावणेबारा झाले. सूनबाईचे डोळे भरले. "राहू दे बाबा. माझं नशीबच असलं."

"आजोबा, आता मनातलं लिहू?"

"लिही गं बाई, हवं ते लिही!"

चिमी विचारात पडली, आणि काय चमत्कार! बदकं थांबली. सूनबाईनं भराभर अर्ज साफ केला, 'वरील माहिती खरी आहे' लिहून सुस्कारा सोडला. तोच खाली अक्षरं उमटू लागली : आजोबांना घाम आलाय. आई रडू नको. तुला खूप गोष्टी येतात.

सूनबाई गर्रकन मागे वळली. "चिमे, थांब!"

अर्ज तस्साच मेलनं रवाना झाला.

"पत्र संपलं की कंट्रोल-एंटर," चिमी म्हणाली. "आजोबांनीच शिकवलंय!"

त्या कीबोर्डची अक्षरं हवेतून पकडणारा नखाएवढा तुकडा संगणकाच्या पाठीमागे खोचलेला निघाला. हरवू नये म्हणून मीच खोचला होता.

सूनबाई दिवसभर माझ्याशी फक्त 'हं' आणि 'नको' एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं उत्तर आलं : "मुलांना गोष्टी सांगणारंच माणूस हवंय. गुरुवारी मुलाखतीला या. आजोबांना पाणी द्या."

पाणी मिळालं. भिंतीवर तेरावी युक्तीही आली, सूनबाईच्या अक्षरात : बाबा, आधी मागे वळून बघा.