तात्यांचा बिनकातडी जोडा

आमचे शेजारी रंभाजीतात्या आलेल्या माणसाच्या तोंडाआधी त्याचे पाय पाहत. पायांत चामडी चप्पल दिसली की ती उचलून उजेडात धरत, उलटीपालटी करून निरखत आणि म्हणत, "ही बाहीर. तुमी आत या. जाताना ह्यो घालून जा." आणि स्वतः शिवलेला जोडा पुढे सरकवत.

बहात्तरच्या दुष्काळात तात्या नेवाशाकडचं शेत पडीक टाकून नगरला आले आणि एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. उरलेला वेळ जोड्यांचा. तळ ट्रकच्या जुन्या टायरचा, वर लष्कराच्या मोडीत निघालेल्या तंबूचं कापड, आत गोणपाट आणि शिवण अंबाडीच्या सुतळीची. दाभण इतक्या नेटानं ओढत की टाका कधी तुटला नाही. सोलवटायची ती घालणाऱ्याची टाच.

मी एकदा विचारलं, "तात्या, थर चिकटवायला सरस का नाही वापरत?"

"सरस कशाचा करत्यात, ठावं हाय का? हाडं-कातडं उकळून! त्यापरीस चिंचोक्याची खळ लई बेस."

खळ बेस होती यात वादच नाही. उंदरांचंही तेच मत पडलं. माझा डावा जोडा त्यांनी फस्त केला. तात्यांनी नवा शिवला आणि खळीत कडुनिंबाचा पाला वाटून घातला. उंदीर गेले, पण कचेरीत हेडक्लार्कही माझ्या टेबलाशी फिरकेनासे झाले.

हळूहळू चाळीतले लोक तात्यांकडे जायचे थांबले. चपलेची झडती कोण देणार? तात्या मात्र रोज संध्याकाळी दोन कप चहा करून दारात बसत. दुसरा कप निवला की तोही स्वतःच पीत. मला वाईट वाटे आणि रागही येई. एवढा कसला हट्ट?

पोळ्याच्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी पुरणपोळी घेऊन गेलो. पायांत सासऱ्यांनी घेतलेली नवी चामडी चप्पल होती. तात्यांनी ती उचलली आणि अंगठ्यानं सावकाश चाचपू लागले.

"अहो, शोधताय तरी काय?" मी वैतागून म्हटलं.

"डाग," ते वर न बघता म्हणाले. "आमचा हौशा बैल बारका आसताना लंगडायचा, म्हनून मागल्या फऱ्यावर डागला हुता. वैरण सपली, तवा घोडेगावच्या बाजारात दिला. घेनारा म्हनला, औताला नेतो."

अंगठा फिरतच होता.

"म्या इस्वास ठिवला. घरी आल्यावर ध्यानात आलं. पान्याचा टिपूस न्हाई, औत कुनाचं चाललं हुतं?"

तात्यांनी चप्पल पुसून उंबऱ्याबाहेर नीट जोडीनं ठेवली.

"ह्यात न्हाई त्यो," ते म्हणाले. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. पोळीतला पहिला घास मोडून त्यांनी बाजूला काढून ठेवला.

मी आत जाऊन बसलो आणि दुसरा कप उचलला. चहा अजून गरम होता. निघताना त्यांनी काही म्हणायच्या आतच मी त्यांचा जोडा पायांत घातला.